मावशींचे तेरा गोल

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी त्या कवितेतला एकही शब्द बदलला नाही. गेल्या काही महिन्यांत हे वाक्य मी स्वतःशी इतक्या वेळा म्हटलंय, की आता ते म्हणताना माझा मलाच राग येतो. वाक्य खरं आहे, म्हणूनच जास्त येतो.

मी पत्रकं लिहिते. विश्रांतवाडी आणि येरवड्याच्या वस्त्यांमध्ये आमची संघटना पाण्यासाठी, संडासांसाठी, कंत्राटी कामगारांसाठी भांडते, आणि भांडणाचा पहिला कागद माझ्या हातचा असतो. लिहायला मला शाळेनं नाही शिकवलं, संघटनेतल्या दादांनी शिकवलं. त्यांचं म्हणणं असं, की पत्रक माणूस उभ्यानं वाचतो. त्याचा एक पाय पुढे पडलेला असतो, तो पाय तिथेच थांबला पाहिजे. वाक्य लांबलं की माणूस गेला. स्वल्पविराम म्हणजे धाप लागलेला कार्यकर्ता. प्रश्नचिन्ह टाळायचं, कारण आपण प्रश्न विचारत नाही, जाब विचारतो. आणि मागणीच्या शेवटी तीन उद्गारचिन्हं. एक टाकलं तर विनंती वाटते, दोन टाकली तर छपाईची चूक वाटते.

"आणि पूर्णविराम?" मी एकदा विचारलं होतं.

"पूर्णविराम अर्जाला," दादा म्हणाले. "साहेबांनी कृपा करावी, पूर्णविराम. आपण अर्ज करत नाही."

मला हे इतकं पटलं, की माझं सगळंच लिहिणं तसं झालं. दळण आणायची आठवण करणारा मेसेजसुद्धा मी तीन उद्गारचिन्हांनी संपवायचे. आई म्हणायची, "तुझा मेसेज आला की फोन कानापासून लांब धरावासा वाटतो. वाचायचा असला तरी."

आता मावशी. मी ज्या महापालिकेच्या शाळेत शिकले तिथल्या त्या शिपाई. शाळेत सगळे त्यांना मावशीच म्हणायचे, बाई, सर आणि साहेब तपासणीला आले तर तेसुद्धा. सकाळी कुलूप उघडणं, वर्ग झाडणं, पाणी भरणं, चहा, घंटा, पडलेल्या पोरांच्या गुडघ्यांना हळद. माझ्या आधीपासून होत्या, माझ्यानंतरही राहिल्या, आणि एवढ्या वर्षांत कायम कधी झाल्याच नाहीत. ठेकेदार बदलत गेले, मावशी त्याच. त्यांच्या बाजूनं मी किती पत्रकं काढली असतील! त्यातलं एकही त्यांनी माझ्याकडे मागितलं नव्हतं, हे आता लक्षात येतं.

मागितलं ते एकदाच. पिठाच्या गिरणीवर आमचं कार्यालय आहे, एक खोली आणि दोन खुर्च्या. तिथे त्या जिना चढून आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत घडी घातलेला कागद.

"तू छापून आणतेस ना गं कागद?"

"काय झालं मावशी? काढलं का तुम्हाला?" मी खुर्चीतून उठलेच होते.

"बस बस. काढायला काय राहिलंय आता? वय झालं. या महिनाअखेर शेवटचा दिवस. मोठ्या बाई म्हणाल्या, कार्यक्रम करू, तुम्ही दोन शब्द बोला. मी म्हटलं, बोलत नाही. वाचते."

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. कागद म्हणजे चौथीच्या परिसर अभ्यासाची जुनी प्रश्नपत्रिका, आणि तिच्या कोऱ्या बाजूवर मावशींची कविता. त्या कविता करतात हे मला ठाऊक नव्हतं. शाळेत कुणालाच नव्हतं.

"मुलांच्या हातात पण एकेक द्यायचाय," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं त्यांनी माझी घंटाच ऐकलीय. आणि हे बघ, आहे तसं छाप हं."

"आहे तसंच मावशी," मी म्हटलं. शब्दाला शब्द.

कविता अशी सुरू होत होती:

सकाळी कुलूप काढते ०
वर्ग अजून झोपेतच असतात
फळ्यावर कालची तारीख ०
पुसू की नको ० पुसते
घंटा ओढली की सगळे पळत येतात ०
माझ्याकडे नाही ० वर्गाकडे

पुढे पानभर. मध्ये मध्ये ते बारीक गोल. मला वाटलं, पेन चालतंय का ते पाहिलं असेल. बाकी कसलंच चिन्ह नाही, ना टिंब, ना काही.

खरं सांगते, वाचताना मला राग आला. कवितेचा नाही, कवितेतल्या गरीबपणाचा. या बाईला कायम केलं नाही, आजारपणाची रजा दिली नाही, आणि ती इतक्या हळू बोलते? शेवटच्या दिवशी सगळी शाळा समोर बसलेली असताना? मी ठरवलं, आपण आवाज द्यायचा. 'आवाज देणे' हे शब्द मी तेव्हा मनात खरंच वापरले, म्हणून इथे लिहून ठेवते.

डीटीपीवाल्याच्या शेजारी बसून मी कविता टाइप करून घेतली. त्याला आमच्या संघटनेची सवय आहे.

"ताई, हे गोल?"

"काढा."

"मग इथे काय?"

"उद्गारचिन्ह."

"सगळीकडे?"

"ओळीच्या शेवटी पण. सगळीकडे."

"चालतंय. तुमच्यासाठी आम्ही साठा करूनच ठेवतो," तो म्हणाला आणि बडवत सुटला.

गुलाबी कागदाचं एक रीम संघटनेचं उरलेलं होतं, पातळ, पत्रकाचं. त्यावर काढलं. शीर्षक ठळक. माझ्या हातात गरम कागद आला तेव्हा त्यावर असं होतं:

सकाळी कुलूप काढते!
वर्ग अजून झोपेतच असतात!
फळ्यावर कालची तारीख!
पुसू की नको! पुसते!
घंटा ओढली की सगळे पळत येतात!
माझ्याकडे नाही!!! वर्गाकडे!

मला ते फार आवडलं. 'माझ्याकडे नाही' वर तर मी मुद्दाम तीन टाकायला लावली होती. कसा जाब विचारलाय, असं वाटलं. मावशींना दाखवायला गेले नाही. म्हटलं, थेट हॉलमध्येच बघू देत. मूळ कागद बॅगेत ठेवला, नंतर परत करायला.

कार्यक्रमाला मी भिंतीकडेच्या खुर्चीवर होते. मुलं सतरंजीवर. मोठ्या बाईंनी शाल दिली, नारळ दिला, सरांनी भाषण केलं. मावशी नव्या चपला घालून आल्या होत्या आणि त्या चपला कुठे काढाव्यात हे त्यांना कळत नव्हतं. मग सातवीच्या मुलींनी गुलाबी कागद वाटले.

आणि इथे मला एक गोष्ट आठवायला हवी होती, कारण मी त्याच शाळेतली. प्रभातफेरीच्या घोषणांचा असाच कागद देतात. पातळ, रंगीत, ओळीओळीला उद्गारचिन्ह. बाई पहिली ओळ म्हणतात, मग सगळ्यांनी मूठ वर करून ती ओरडायची. आम्हाला ते पहिलीपासून शिकवलेलं असतं. हवेत मूठ आपोआप जाते.

मावशींनी कागद डोळ्यांजवळ धरला. जरा वेळ नुसत्याच पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "सकाळी कुलूप काढते."

"सकाळी! कुलूप! काढते!" अख्खा हॉल दुमदुमला. सगळ्या मुठी वर.

सर हसले. मागच्या बाई हसल्या. मुलांचं काही चुकलं नव्हतं, ती चोख वाचत होती. "अरे शांत, शांत बसा, मावशींना वाचू द्या," मोठ्या बाई म्हणाल्या. मावशींनी दुसरी ओळ घेतली, आणि यावेळी निम्मीच मुलं ओरडली, पण ते निम्मं ऐकायला जास्त वाईट होतं. तिसऱ्या ओळीपाशी मावशींनी कागद लांब धरला, पुन्हा जवळ आणला. जिन्यात एखादी पायरी कुणी काढून घेतली असेल तर माणूस पायानं जशी चाचपतो, तशा त्या काहीतरी शोधत होत्या. मग मान वर केली आणि माझ्या बाजूला पाहिलं.

मूळ कागद माझ्या बॅगेत होता. बॅग मांडीवर होती. मावशींपर्यंत दहा पावलं असतील.

मी उठले नाही.

त्यांनी कागदाची घडी घातली. "झालं माझं," म्हणाल्या आणि बसल्या. टाळ्या पडल्या, पडतातच. नंतर कुणीतरी म्हणालं, सुटीची वेळ झाली, घंटा कोण देणार? सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. तेव्हा मावशीच उठल्या, शाल सावरत बाहेर गेल्या, आणि आपल्याच निरोपाच्या कार्यक्रमाची घंटा त्यांनी दिली.

घरी जाऊन मी काय केलं असेल? पत्रक लिहिलं. 'कंत्राटी मावशींचा भर कार्यक्रमात अपमान! हसणाऱ्या शिक्षकांनो, लाज बाळगा!!!' वस्त्यांच्या गटांवर टाकलं. ते पुढे पुढे गेलं. लोकांनी शाळेत फोन केले. आणि मावशींना मी मेसेज केला, 'मी त्यांना सोडणार नाही मावशी!!!'

उत्तर आलं, 'बरं.'

शब्द एक आणि त्यापुढे पूर्णविराम. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, मेसेजमध्ये 'बरं' नंतर कुणी पूर्णविराम टाकला तर त्याचा अर्थ काय होतो. दार लावून घेतल्याचा आवाज येतो त्यातून. त्या एका टिंबाकडे मी तीन आठवडे पाहत होते. रात्रंदिवस मोर्चे काढणारी मी, मला दोन गल्ल्या पलीकडच्या घरी जाणं होईना. वर स्वतःला सांगत होते, शब्द तर एकही बदलला नाही.

शेवटी मूळ कागद परत करायचं निमित्त करून गेले. मावशी एकट्याच होत्या. मुलगा कामावर, नात शाळेत. दारातच मी कागद पुढे केला.

"आण," म्हणाल्या. उलटा करून प्रश्नपत्रिकेची बाजू पाहिली, मग कवितेची. "नीट ठेवलास की. घडी पण नवीन नाही पडली."

"मावशी, ते गोल... मला वाटलं पेन चालतंय का ते बघितलंत."

त्या हसल्या. खाली बसल्या, मलाही बसवलं, आणि बोट पहिल्या गोलावर ठेवलं.

"ही मी एका दिवसात लिहिली. शाळेतच, स्टुलावर बसून. इथं टँकर आला, वरनं ओरडले, मावशी, पाइप लावा. म्हटलं, परत आल्यावर कुठवर आलो ते कळायला पाहिजे, म्हणून गोल केला आणि उठले. इथं मोठ्या बाईंचा चहा. इथं बालवाडीतलं पोर दाराला धरून रडत होतं, आत जाईना. इथं कोणीतरी खडू मागायला आलं." बोट सरकत होतं. "तेरा वेळा उठले. मोज."

मी मोजले नाहीत. मला माहीत होते. तेरा ठिकाणी मी डीटीपीवाल्याला सांगितलं होतं, काढा.

बोट 'माझ्याकडे नाही' च्या पुढच्या गोलावर आलं.

"इथं मात्र फार वेळ गेला. सातवीतली एक मुलगी संडासातून बाहेरच येईना. मी दाराबाहेर उभी. शेवटी आतनं हळूच म्हणाली, मावशी, तुम्ही एकट्याच आहात का? तिला पहिल्यांदाच आलं होतं. मग माझी जुनी साडी फाडली, पाणी गरम केलं, तिच्या आईला बोलावून आणलं. दोन तास. परत येऊन बसले आणि लिहिलं, वर्गाकडे."

त्या गोलाच्या जागी मी तीन उद्गारचिन्हं टाकली होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग वाचताना तिथे किती थांबायचं? दोन तास?"

"वेडी का काय! मनात जाऊन यायचं, एवढंच."

"मी शाळेत असताना लिहिली असतीत, तर एखादा गोल माझा असता का?"

"तुझा कुठला? तू कधी हाक मारलीस का? तू सरळ येऊन बोंबलायचीस."

मला हसू आलं आणि लगेच रडूही. मावशींनी तिकडे दुर्लक्ष केलं, हे त्यांचे उपकार. मग मी त्या मेसेजचं काढलं. "तुम्ही 'बरं' लिहून पुढे पूर्णविराम टाकला होतात. तेव्हाच कळलं, तुम्ही रागावलात."

"कुठं टाकला?" फोन आणला, चष्मा वर केला, खाली केला. "हे होय? हे फोन टाकतो. दोनदा मोकळी जागा पडली की आपोआप येतं, नात सांगत होती. मला दिसतसुद्धा नाही ते."

"म्हणजे रागावला नव्हतात?"

"रागावले होते की. पण ते टिंबात नव्हतं." फोन बाजूला ठेवला. "मी तिथं उभी राहून तुझ्याकडे बघत होते. कागद तुझ्याजवळ होता ना? का नाही उठलीस?"

मी मुलांवर ढकलू शकले असते. पुष्कळ वाक्यं तयार होती, सगळी छोटी, सगळी खणखणीत.

"लाज वाटली," मी म्हटलं. "उठले असते तर सगळ्यांना कळलं असतं, की मी केलंय."

"हं," मावशी म्हणाल्या. "आणि मोठ्या बाईंना लोकांचे फोन आले, ते वेगळंच. शाल त्यांनी स्वतः जाऊन आणली होती माझ्यासाठी. मला पसंत पडेल का म्हणून आधी फोटो पाठवला होता."

हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले आणि सगळं सांगितलं. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लेखी द्या." मी तिथेच बाकावर बसून लिहिलं. माझी चूक झाली. शिक्षकांचा दोष नव्हता. क्षमा असावी. तो माझा पहिला अर्ज. गटांवरही तेच टाकलं, पण पहिला मेसेज जिथवर गेला होता तिथवर दुसरा गेला नाही. जात नाही. हे कार्यकर्त्याला कुणी सांगायला लागत नाही.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मी मावशींना म्हटलं, "मी परत छापते. गोलांसकट. शाळेत परवानगी काढते, तुम्ही पुन्हा वाचा."

"नको. त्यांचा मला निरोप देऊन झालाय. माणूस दोनदा निरोप घ्यायला जातो का?"

"मग मी काय करू?"

"चहा कर. मला एवढी ओळ लिहू दे."

तेव्हा मी पाहिलं. खिडकीपाशी पाटावर गुलाबी कागदांचा गठ्ठा होता, वर पेन. माझीच पत्रकं, उलटी घातलेली.

"ही कुठून आली?"

"सतरंजीवर पडली होती. हॉल झाडला ना मी मग. एका बाजूनं कोरा कागद, टाकायचा कसा?" त्या पाटापाशी जाऊन बसल्या. "पण जमत नाही गं. घरात कोणी हाकच मारत नाही. लिहायला बसले की एका दमात पान भरतं, आणि वाचायला गेलं की मला धाप लागते. थांबू कुठं तेच कळत नाही."

कागद पातळ होता. त्यांच्या निळ्या अक्षरांखालून मागची छपाई दिसत होती, शब्द उलटे, ओळखू न येणारे. उद्गारचिन्हं तेवढी आरपार ओळखू येत होती, कारण ती उलटी असली तरी तशीच दिसतात.

मी ओट्यापाशी गेले. आधण ठेवलं. चहाची पावडर सापडली, आलं सापडलं. साखरेचा डबा कुठे दिसेना. तीन डबे उघडून पाहिले, एकात पोहे, एकात डाळ, एकात सुट्टी नाणी. मागे पेनाचा आवाज चालू होता. मी बराच वेळ तशीच उभी राहिले. पाणी उकळायला लागलं.

"मावशी," मी म्हटलं, शक्य तितक्या हळू, "साखर कुठाय?"

पेन थांबलं. मी मान वळवून पाहिलं. मावशींनी ओळीच्या मध्येच एक बारीक गोल केला, पेन त्यावर आडवं ठेवलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"समोर तर आहे," म्हणाल्या, आणि वरच्या फळीवरून डबा काढून दिला.

चहा झाल्यावर त्या परत पाटापाशी गेल्या आणि पुढचं लिहायला लागल्या. तो कागद मी वाचायला मागितला नाही.